निशाचरांच्या गोष्टी – ११ : मोळीतलं बिऱ्हाड

नराला मादीचा वास किती लांबून येतो, ते आज सांगायचं कबूल केलं होतं. ते लांबणीवर टाकतो, कारण वाराणसीहून, दुर्गाघाटावरच्या एका मराठी घरातून, पत्र आलंय. गंगेपलीकडे, रामनगरच्या वाटेवर बाभळीला काड्यांच्या बोटभर मोळ्या लटकलेल्या दिसल्या. एक फोडली तर आत पतंग नव्हताच, नुसती मऊ, पिवळट अळी. ‘बिचारीचं पतंग व्हायचं राहून गेलं का?’ असं विचारलंय. शिवाय पुस्ती: रेशमाचा पतंगही उडत नाही, मग हा त्यातलाच का?

पुस्तीचं आधी उरकतो. रेशमाच्या पतंगात नर-मादी दोघांनाही पंख असतात. हजारो वर्षं माणसानं पाळल्यामुळे उडणं तेवढं गेलं. मोळीवाल्यांना कुणी पाळलेलं नाही.

फोडलेली मोळी बहुधा ‘यूमेटा क्रॅमेरी’ या पतंगाची. बाभळीवर ती नेहमीच आढळते. आणि आतली ती अळी नव्हती, पुरती वयात आलेली मादी होती! पंख नाहीत, पाय आणि डोळे नावापुरते, तोंड खाण्याच्या कामाचं नाही. उरलं काय, तर अंड्यांनी भरलेलं पोट. अळीपणी ती रेशमाची पिशवी विणते, तिला बाहेरून काड्या डकवते आणि डोकं नि पुढचे पाय तेवढे बाहेर काढून, बिऱ्हाड पाठीवर घेऊन पाला खात हिंडते. कोशात जाण्याआधी पिशवी फांदीला रेशमानं घट्ट बांधते आणि आत उलटी फिरते, डोकं खाली. नराचं सगळं इथवर असंच; मग तो खालच्या तोंडानं बाहेर पडून उडतो. मादी तिथेच राहते. दुसरा नर तिच्या पिशवीला येऊन बिलगतो आणि आपलं पोट दुर्बिणीच्या नळीसारखं लांबवून आत घालतो. अंडीही ती आतच घालते, आपल्याच कोशाच्या टरफलात, आणि मरते.

सर एमर्सन टेनंट यांनी १८६१च्या पुस्तकात सिंहली लोकांची समजूत नोंदवलीय: गेल्या जन्मी सरपण चोरलेली माणसं या जन्मी अशी मोळी वाहतात. मणिकर्णिकेच्या वखारींजवळ ही कथा शोभली असती, पण काशीत मेलेल्याला पुन्हा जन्मच नाही, चोर सुटला.

‘बिचारी’ मात्र मला मान्य नाही. पंख घडवायला आणि चालवायला जे लागतं, ते तिनं अंड्यांत घातलंय. गाव बदलायचं काम पिल्लांचं. अंड्यातून निघालेली अळी रेशमाचा धागा सोडून लोंबते आणि वारा नेईल तिथे जाते. बहुतेकींना तो फार लांब नेत नाही, म्हणून एक झाड ओरबाडलेलं आणि पलीकडचं हिरवंगार, असं दिसतं. ‘टेरोमा प्लॅगिओफ्लेप्स’ ही हिची नातेवाईक, चिंचेवरही पोसणारी. केरळात फाल्काटारिया झाडांच्या लागवडींना तिनं छळलं, तेही असंच ठिकठिकाणी.

काशीकरांनी आता आणखी मोळ्या फोडू नयेत. खालच्या टोकातून कोशाचं रिकामं टरफल अर्धवट बाहेर डोकावत असेल, तर ते नराचं घर आणि तो गेलेला. तसं नसेल तर मादी असू शकते, किंवा अजून न निघालेला नरही. बागेतल्या झाडावरून काढायच्याच असतील तर ओढू नका, कात्रीनं बांध कापा. किती मोळ्यांना टरफल दिसलं ते मात्र मोजून कळवा. वासाचं पुढच्या आठवड्यात.