चुकांची वही

परवा भोरला एका महिला मेळाव्यात मला बोलायला बोलावलं होतं. विषय होता, ‘नोकरी-व्यवसायात खंबीरपणे कसं टिकावं?’ मला हसूच आलं. मी बी. ए. झाले, लग्न करून भोरला आले आणि संसारात रमले. महिन्याचा पगार कधी हातात पडला नाही. बचत गटांच्या कामानिमित्त गावोगाव फिरते, एवढंच. मी नोकरदार बायकांना काय सांगणार? पण भाषणाची तयारी करताना डोळ्यांपुढे सारखी एकच बाई येत होती. वेल्ह्यातली एक आशाताई. तिचं नाव लिहीत नाही, तिला ते आवडणार नाही.

वेल्हे तालुक्याला २०२४ मध्ये सरकारने राजगड हे नाव दिलं, पण आमच्या तोंडी अजून वेल्हेच आहे. नसरापूरहून मार्गासनीच्या रस्त्याला लागलं की डोंगर जवळ येऊ लागतात. पावसाळ्यात पुण्याची मंडळी इथे हिरवाई बघायला येतात. पण वरच्या एखाद्या वाडीवर ओली बाळंतीण असली, की तोच पाऊस जिवाला घोर लावतो.

अशा वाड्यांवर जाते ती आशा. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं, त्यातून हे पद आलं. गावातलीच बाई, गावासाठी. दवाखान्यात बाळंतपण झालं, तर आशाने ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जाऊन बाळ-बाळंतिणीला बघायचं असतं. बाळाचं वजन, ताप, श्वास, अंगावर पिणं... सगळं तपासायचं.

आमची ही ताई दहावीनंतर लग्न होऊन आलेली. आशा झाली तेव्हा कामाचा भारी उत्साह! तिसऱ्या वर्षी, ऐन भातलावणीत, ती एका घरी चौदाव्या दिवसाच्या भेटीला गेली. सासूबाई म्हणाल्या, “लई गुणाचं हाय बाळ, नुसतं झोपून असतं.” हिने वजन केलं, फॉर्म भरला आणि पुढच्या घरी गेली. तीन दिवसांनी बाळ गेलं. त्याने दूध ओढणं कमी केलं होतं, ते गुणाचं नव्हतं, आजारी होतं.

ती माझ्याकडे आली तेव्हा काम सोडायचं ठरवूनच आली होती. “मला कुणी एका शब्दाने बोललं न्हाई ताई, त्याचंच जास्त लागलं,” म्हणाली. मी आपली नेहमीची समजूत घातली, “अगं, तू काय डॉक्टर आहेस का? तुझा काय दोष?” ती म्हणाली, “डॉक्टर न्हाई, पण त्या घरात गेलेली मीच होते ना?”

मी गप्प झाले. काय उत्तर होतं माझ्याकडे?

तिला सावरलं ते उपकेंद्राच्या सिस्टरने. सिस्टर म्हणाल्या, “रडून झालं की लिही. काय बघितलं, काय बघायचं राहिलं, पुढच्या वेळी काय करणार. एवढंच.” हिने मुलीची अर्धी कोरी राहिलेली शंभर पानी वही घेतली. पहिल्या पानावर लिहिलं, ‘बाळ पिताना डोळ्यांनी पाहिलं नाही. सासूच्या बोलण्यावर विसंबले. पुढे बाळ पिईपर्यंत घरातून उठायचं नाही.’

तेव्हापासून हा नेम झाला. रोज रात्री भांडी आवरली की वही. ज्याचं उत्तर आलं नाही तो प्रश्न लिहून ठेवायचा आणि महिन्याच्या मीटिंगला आरोग्य केंद्रात विचारायचा. सुरुवातीला बाकीच्या हसायच्या, “आली मास्तरीण!” ही विचारतच राहिली. तिला श्वास मोजणं नीट जमत नव्हतं. ती अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायची. तान्ह्या बाळाचा श्वास एकसारखा नसतो, म्हणून पूर्ण मिनिट मोजायचा, साठ किंवा जास्त भरला तर पुन्हा मोजायचा, हे तिने पक्कं केलं. मग घरात जाऊबाईंचं बाळ झोपलं, की ही घड्याळ घेऊन शेजारी! रोज रात्री, कित्येक महिने.

दोन वर्षांनी तसाच पाऊस, दुसरी वाडी. बाळाचे पाय गार, दूध ओढत नव्हतं. श्वास मोजला, अडुसष्ट. पुन्हा मोजला, सहासष्ट. घरचे म्हणाले, “पाऊस उघडला की सकाळी नेऊ.” फोनला रेंज नाही. एरवी ही दबकली असती. पण हातात आकडा होता, ती हटली नाही. बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरायला लावलं, वरून पांघरूण गुंडाळलं आणि दुधाची गाडी थांबवून त्यांना दवाखान्यात पोचवलं. आज ते पोर दुसरीत आहे.

मैत्रिणींनो, हा नशिबाचा भाग नव्हे. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली. बालमृत्यू किती कमी झाले, ते १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात जगाने वाचलं. २०११ पासून देशभरच्या आशांना घरभेटीचं हे काम मिळालं. कमी शिकलेली बाई रोज थोडं थोडं शिकत गेली, तर जीव वाचवू शकते!

पण इथे एक सांगायलाच हवं. ‘खंबीर व्हा’ म्हणणं सोपं असतं. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा गौरव केला आणि पुढच्याच वर्षी राज्यातल्या आशांना मोबदल्यासाठी संपावर जावं लागलं. आमची ताईही गेली. तिच्या वहीची मागची पानं मी बघितली आहेत. तिथे केलेलं काम, तारीख आणि पैसे मिळाले की राहिले, याचा चोख हिशेब आहे. “माझी चूक पुढच्या पानावर, माझं येणं मागच्या पानावर,” ती म्हणते. आपली चूक मान्य करणारी बाई आपला हक्कही ताठ मानेने मागू शकते, हे मी तिच्याकडून शिकले.

मेळाव्यात मी भाषणाचा कागद बाजूला ठेवला आणि हेच सांगितलं. समोर बँकेतल्या होत्या, शाळेतल्या होत्या, पार्लर चालवणाऱ्या होत्या. काय चुकलं, का चुकलं, पुढे काय करणार, या तीन ओळी कुणालाही जमतील. मग ‘मला हे जमतच नाही’ असं म्हणून खचायची वेळ येत नाही. नेमकं काय जमत नाही, तेवढं कळतं.

घरी आल्यावर मीही एक वही काढली. पहिली ओळ लिहायला फार वेळ लागला... ‘ती रडत होती तेव्हा मी तिचं ऐकून घेतलं नाही, घाईने समजूत घातली. पुढे आधी ऐकायचं.’

तुमच्या वहीची पहिली ओळ कोणती असेल?