थप्पड, धक्का आणि बैलाचं जू

मराठीत सत्ता 'बळकावतात'. बळ शब्दातच बसलेलं, त्यामुळे काय घडलं ते लपत नाही. इंग्रजीत या कामाचे शब्द बहुतेक बाहेरून आलेले, आणि मुळात बरेचसे अगदी सभ्य. त्यांच्या कुळकथा फार रंगतदार आहेत.

'युझर्प' म्हणजे राज्य लुबाडणं. त्याचं लॅटिन मूळ 'वापर' आणि 'हिसकावणे' या जोडीतून बनलं असं मानतात. पण रोमन माणूस हेच क्रियापद 'उपयोगात आणणे' इतक्या साध्या अर्थानेही वापरायचा.

'टायरंट'चं नशीब त्याहून वाईट. जुन्या ग्रीसमध्ये वारसाहक्काशिवाय गादीवर बसलेला तो टायरंट. तो क्रूर असलाच पाहिजे असं नव्हतं. अथेन्सच्या पायसिस्ट्रेटसची गोष्ट हेरोडोटसने सांगितली आहे. या गृहस्थाने स्वतःला आणि आपल्या खेचरांना जखमा करून घेतल्या, गाडी थेट भर चौकात आणली आणि 'शत्रूंनी हल्ला केला' म्हणून रक्षक मागितले. लोकांनी दंडुकेवाले दिले. त्यांनाच घेऊन त्याने अक्रोपोलिस ताब्यात घेतलं! पुढे हाकलला गेला, तेव्हा एका उंचपुऱ्या बाईला अथेना देवीच्या वेषात रथात बसवून तो परतला. देवीनेच आणला म्हटल्यावर अडवणार कोण?

'डिक्टेटर' तर रोममध्ये चक्क कायदेशीर पद होतं. संकटकाळी नेमायचा, जास्तीत जास्त 6 महिन्यांसाठी. सेनापती सुल्लाने इ.स.पू. 82 मध्ये ही मुदतच उडवली. इ.स.पू. 44 मध्ये सीझर तहहयात डिक्टेटर झाला आणि त्याच वर्षी मार्चमध्ये मारला गेला.

आता 'कू', म्हणजे बळाने केलेला सत्तापालट. इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटी 'पी' आहे, पण तो उच्चारायचा नाही. फ्रेंचमध्ये अर्थ 'तडाखा', आणि मागे मागे गेलं की ग्रीक शब्द सापडतो, थप्पड किंवा ठोसा या अर्थाचा. 'पुट्श' हा त्याचा स्विस-जर्मन भाऊ, म्हणजे धक्का. 1839 मध्ये झुरिकच्या उठावामुळे तो गाजला. म्युनिकच्या बिअर हॉलमधला हिटलरचा फसलेला पुट्श 1923 चा.

माझा सर्वांत लाडका शब्द 'जुंटा'. सत्ता हाती घेतलेलं लष्करी टोळकं. स्पॅनिशमध्ये मात्र अर्थ नुसता 'एकत्र आलेले', म्हणजे समिती. 1808 मध्ये नेपोलियनविरुद्ध स्पेनमध्ये उभ्या राहिलेल्या लोकांच्या समित्याही जुंटाच होत्या. या शब्दाचं लॅटिन मूळ आणि आपला संस्कृत 'युज्' धातू सख्खे नातलग. म्हणजे शेतकऱ्याच्या बैलांच्या मानेवरचं जू, योगासनांतला योग आणि जनरलांचा जुंटा हे एकाच घराण्यातले!

'प्रिटेंडर'चा अर्थ लावताना मराठी माणूस हमखास घसरतो. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून वावरलेला तोतया आपल्याला आठवतो. पण प्रिटेंडर म्हणजे गादीवर हक्क सांगणारा, मग तो हक्क खरा असो वा खोटा. इंग्लंडचा 'ओल्ड प्रिटेंडर' जेम्स हा पदच्युत राजा दुसऱ्या जेम्सचा मुलगा. तरी 1688 मध्ये तो जन्मला तेव्हा विरोधकांनी आवई उठवलीच, की बाळ राणीचं नाही, बिछाना गरम करायच्या भांड्यात लपवून ते आत आणलं.