सरडगुहिऱ्याची भीती आणि आपली करुणा

बाजारपेठेत शब्द फिरवणाऱ्या माणसाविषयी ‘सरड्यासारखा रंग बदलतो’ असे म्हणण्याची जुनी रीत आहे. रंग बदलण्याच्या कलेत सर्वांत निपुण असलेल्या सरडगुहिऱ्यावर, ज्याला काही भागांत घोयरा म्हणतात, या वाक्प्रचाराने अन्यायच केला आहे. तो रंग बदलतो ते मुख्यतः कोणाला फसवण्यासाठी नव्हे. रंग ही त्याची बोली आहे. प्रतिस्पर्धी दिसला की तो उजळतो, पहाटेच्या गारव्यात ऊन शोषून घेण्यासाठी गडद होतो, निवांत असला की बहुधा हिरवा असतो. जिनिव्हा विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये मादागास्करच्या पँथर जातीचा अभ्यास प्रसिद्ध केला. या प्राण्याच्या त्वचेतील विशिष्ट पेशींत ग्वानिनचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात आणि त्या स्फटिकांमधले अंतर वाढले वा घटले की परावर्तित होणारा रंग पालटतो, असे त्यांनी दाखवून दिले. काळपटपणाचे कारण मात्र निराळे आहे. त्वचेतले काळे रंगद्रव्य पसरले की अंग काळवंडते. पुरेशी ऊब मिळत असूनही भर दिवसा जो सरडगुहिरा काळा-तपकिरी राहतो, तो घाबरलेला तरी असतो किंवा आजारी तरी.

ही बोली ओळखण्याची गरज आज काही जैन घरांनाही भासू लागली आहे. अमेरिकेत किंवा युरोपात स्थायिक झालेल्या कुटुंबांतील मुले वाढदिवसाची भेट म्हणून कुत्र्या-मांजराऐवजी येमेनकडचा, डोक्यावर उंच तुरा असलेला ‘व्हेल्ड’ सरडगुहिरा मागतात. पिंजऱ्यातच पैदास झालेले असे प्राणी तिकडच्या दुकानांत सहज मिळतात. भारतातील स्थिती वेगळी आहे. आपल्याकडच्या रानातला सरडगुहिरा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. त्याला पकडणे, विकणे किंवा घरी बाळगणे हा गुन्हा आहे. सरडगुहिऱ्यांच्या बहुतेक परदेशी जाती आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध घालणाऱ्या ‘साइटीस’ कराराच्या यादीत आहेत. अशा जातीचा प्राणी भारतात बाळगायचा असेल, तर २०२२ च्या कायदादुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनुसार त्याची सरकारी ‘परिवेश’ संकेतस्थळावर नोंद करावी लागते. चिठ्ठी-पावती नसलेला माल दुकानात ठेवू नये हे व्यापारी घराला सांगावे लागत नाही. जिवंत प्राण्याच्या बाबतीत तर ही दक्षता दुप्पट हवी.

आता प्राणी घरी आहे आणि तो अस्वस्थ आहे, असे समजू. अस्वस्थतेची लक्षणे बहुतेक वेळा मूक असतात. दिवसा डोळे मिटलेले किंवा खोल गेलेले, अन्नाकडे दुर्लक्ष, पिंजऱ्याच्या भिंतीवर सतत चढ-उतार, अंग चपटे करून डुलणे, जवळ गेल्यास तोंड वासून फुत्कारणे. घरातली माणसे हे पाहतात आणि मायेपोटी नेमके नको ते करतात. त्याला हातात घेतात, पाठीवरून बोट फिरवतात, पाहुण्यांना दाखवतात, ‘इथे बरे वाटेल’ म्हणून पिंजरा कधी खिडकीपाशी, कधी देवघराशेजारी नेतात.

सामायिकापूर्वी म्हटल्या जाणाऱ्या इरियावहियं सूत्राचा अर्थ ज्यांनी एकदा तरी नीट वाचला आहे, त्यांना येथे थबकावे लागेल. त्या सूत्रात केवळ जीव घेतल्याबद्दल क्षमा मागितलेली नाही. जीवाला स्पर्शाने दुखावणे, थकवणे, भयभीत करणे, एवढेच नव्हे तर एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी ठेवणे, यांचीही तेथे गणना आहे. सरपटणाऱ्या प्राण्यांचे पशुवैद्य सरडगुहिऱ्याच्या तणावाची जी कारणे सांगतात, ती या यादीशी जवळजवळ तंतोतंत जुळतात. वरून येणारा हात त्याला झडप घालणाऱ्या पक्ष्यासारखा वाटतो. कुत्र्याप्रमाणे त्याला माणसाच्या स्पर्शाची ओढ नसते. फार तर तो स्पर्श सहन करतो. तत्त्वार्थसूत्रात अहिंसाव्रताच्या पाच अतिचारांत पहिला ‘बंध’ आहे. पिंजरा हा बंधच आहे, हे मान्य करूनच पुढचा विचार केलेला बरा. जो बंध आज टाळता येत नाही, तो निदान कमीत कमी जाचक करणे एवढेच हाती उरते.

त्यासाठी पिंजरा काचेचा नको, जाळीचा हवा. काचेत हवा कोंडते आणि स्वतःच्याच प्रतिबिंबात त्याला प्रतिस्पर्धी दिसतो. पूर्ण वाढलेल्या व्हेल्ड जातीसाठी साधारण दोन फूट रुंद, दोन फूट खोल आणि चार फूट उंच जागा लागते. तो झाडावर राहणारा जीव आहे. उंची हेच त्याचे संरक्षण. म्हणून पिंजऱ्याचा वरचा भाग माणसाच्या डोळ्यांपेक्षा उंच असावा आणि आत मनीप्लँट, जास्वंद, फायकस यांची इतकी दाटी असावी की शोधूनही तो चटकन सापडू नये. मुलांची येथे निराशा होते, पण लपता येणे हाच अनेकदा निम्मा उपचार ठरतो. एका पिंजऱ्यात दोन कधीही ठेवू नयेत. एकट्याला करमत नसेल ही कल्पना माणसाची आहे. सरडगुहिरा मुळात एकलकोंडा असतो.

वरच्या एका फांदीवर २९ ते ३२ अंश सेल्सिअस ऊब मिळावी आणि खाली गारवा असावा, म्हणजे कोठे बसायचे हे त्याचे त्याला ठरवता येते. रात्री पूर्ण अंधार हवा. दिवसा सुमारे बारा तास अतिनील ‘यूव्हीबी’ किरण देणारा दिवा लागतो. तो नसेल तर शरीराला कॅल्शियम वापरता येत नाही, हाडे मऊ पडतात, पाय वाकतात. हा दिवा डोळ्यांना लख्ख दिसत असतानाही त्यातील उपयुक्त किरण कालांतराने क्षीण होतात, म्हणून नळीच्या प्रकारानुसार सहा ते बारा महिन्यांनी तो बदलावा लागतो. खरेदीची तारीख दिव्यावरच लिहून ठेवणे सोयीचे.

वाटीत पाणी भरून ठेवले आणि प्राणी तहानेने सुकला, असे पुष्कळदा घडते. साचलेले पाणी तो सहसा पीत नाही. पानांवर हलणारे, चमकणारे थेंब चाटतो. सकाळ-संध्याकाळ पानांवर तुषार उडवावेत किंवा बारीक छिद्र पाडलेला पेला जाळीवर ठेवून ठिबक करावी. विष्ठेबरोबर पडणारा पांढरा भाग पिवळा-नारिंगी दिसू लागला, तर पाणी कमी पडते आहे. मादी अस्वस्थपणे जमीन उकरत असेल तर तिच्या पोटात अंडी असू शकतात. व्हेल्ड जातीची मादी नराशिवायही अंडी घालते आणि ओलसर वाळूची खोल कुंडी मिळाली नाही, तर ती अंडी अडून तिच्या जिवावर बेतू शकते.

इथवर सारे निभते. खरा पेच अन्नाचा आहे. हा प्राणी जिवंत कीटक खातो. व्हेल्ड जात काही पाने खाते, परंतु निव्वळ पाल्यावर ती जगत नाही. म्हणजे ज्या घरात कंदमुळे शिजत नाहीत, सूर्यास्तापूर्वी चुली थंडावतात, त्या घरात रातकिड्यांचे डबे यायचे, ते किडे भाजीपाला घालून पोसायचे आणि एका पंचेंद्रियासाठी चतुरिंद्रिय जीव स्वहस्ते सोडायचे. श्रावकाला वर्ज्य मानलेल्या पंधरा कर्मादानांत ‘असतीपोषण’, म्हणजे हिंस्र प्राणी पाळणे-पोसणे, आहे. हा प्रश्न पूर्वजांनी पाहिलेला होता. दिल्लीच्या लाल मंदिराच्या आवारातील पक्ष्यांच्या धर्मादाय रुग्णालयानेही यातून स्वतःची वाट काढली आहे. मांसाहारी पक्ष्यावर तेथे उपचार होतात, पण त्याला मुक्कामी ठेवले जात नाही.

म्हणून प्राणी अजून दुकानातच असेल तर उत्तर सोपे आहे: आणू नये. तो घरी आलेला असेल तर मात्र आपला नियम पाळण्यासाठी त्याला उपाशी ठेवणे, हा मार्ग नव्हे. त्याच पाच अतिचारांतील शेवटचा ‘अन्नपाननिरोध’ आहे. पर्युषणात आठ दिवस किडे घरात नकोत म्हणून त्याचे खाणे बंद करणाऱ्यांनी विचार करावा: उपवास स्वेच्छेने केला तर तप, दुसऱ्यावर लादला तर ती उपासमार. पूर्ण वाढलेल्या प्राण्याला सहसा एक दिवसाआड खाणे पुरते, गरजेपेक्षा अधिक किडे सोडण्याचे कारण नाही आणि उरलेले किडे रात्री पिंजऱ्यात राहू देऊ नयेत. ते झोपलेल्या प्राण्यालाच चावतात. एवढेही मनाला पटत नसेल तर सरपटणाऱ्या प्राण्यांचा जाणकार पशुवैद्य किंवा बचाव संस्था गाठून, त्याची नीट देखभाल करील अशा हाती तो सोपवावा. त्यात कमीपणा नाही. मात्र अभयदान म्हणून त्याला बागेत किंवा रानात सोडू नये. थंड मुलखात तो गारठून मरतो. उबदार फ्लोरिडात असे सुटलेले व्हेल्ड सरडगुहिरे रानात रुजले आहेत आणि तिथल्या मूळच्या लहान जीवांना खात आहेत.

डोळे दिवसा मिटलेले, फांदीवरची पकड सुटलेली, तळाशी पडून राहणे, ऊन लागत नसतानाही तोंड उघडे ठेवणे, यांपैकी काही दिसल्यास वाट पाहू नये. वैद्याकडे नेताना लहान खोक्यात पकडायला एक काठी बसवावी आणि वरून कापड टाकावे. अंधारात तो शांत राहतो.

महाराष्ट्रातील वाचकाची या प्राण्याशी गाठ पडली तर ती बहुधा रस्त्यावर, एकेक पाऊल डुलत टाकणाऱ्या आणि चाकाखाली सापडणाऱ्या रानातल्या सरडगुहिऱ्याशी. तो विषारी नाही. वाहने थांबवून त्याच्यापुढे एक काटकी धरावी. तो ती पायांनी घट्ट पकडतो. मग ज्या बाजूला तो निघाला होता त्याच बाजूच्या झुडपावर ती काटकी टेकवावी. जखमी असेल तर वनविभागाचा १९२६ हा क्रमांक फिरवावा आणि माणसे येईपर्यंत त्याच्याभोवती गर्दी होऊ देऊ नये.