बार्बराचं अंगण

बागेतलं शिल्प म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? नगरपालिकेच्या बागेतलं सिमेंटचं हरीण, एक शिंग मोडलेलं. तोंड वासून उभा असलेला पेंग्विन, ज्याच्या तोंडात कचरा टाकायचा. आणि मधोमध कुणा थोर पुरुषाचा अर्धपुतळा. त्याला वर्षातून दोनदा हार, एरवी कावळे. भोवती चार कुंड्या आणि ‘फुले तोडू नयेत’ची पाटी. झाली बाग!

त्यामुळे नाक नाही, डोळे नाहीत, नुसतेच गोल आणि लांबट आकार, अशी आधुनिक शिल्पं झाडापेडांत मांडून ठेवलेली बाग बघायला जायचं, असं भाचीने ठरवलं तेव्हा माझा उत्साह बेताचाच होता. भाची ब्रिस्टलला असते. काही वर्षांपूर्वी मी तिच्याकडे गेले होते. इंग्लंडच्या अगदी नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल नावाचा परगणा आहे. तिथे समुद्राकाठी सेंट आयव्ज हे छोटंसं गाव. मूळचं कोळ्यांचं. शेवटचा टप्पा छोट्या गाडीने करायचा आणि खिडकीला चिकटून समुद्र. उतरल्यावर कोकणातल्या पाखाड्यांसारखे अरुंद चढ-उतार, आणि एका बोळात उंच भिंत. भिंतीच्या आत बार्बरा हेपवर्थ यांचं घर, कामाची जागा आणि बाग.

हे घर बघताना ती बाई कोण, हे माहीत असलेलं बरं. जन्म 1903चा, यॉर्कशायरमधल्या वेकफील्डचा. वडील परगण्याचे सर्व्हेअर. त्यांच्या मोटारीतून हिंडताना डोंगर-उतार बघून आकारांचं वेड लागलं, असं त्या सांगत. पहिलं लग्न शिल्पकाराशी, दुसरा जोडीदार चित्रकार बेन निकल्सन. पहिल्या लग्नाचा एक मुलगा होताच, त्यात 1934 मध्ये झालं तिळं! लंडनच्या लहानशा घरात, हातात छिन्नी असलेल्या बाईला एकदम तीन बाळं. कल्पना करा.

ऑगस्ट 1939 मध्ये, युद्ध सुरू व्हायच्या थोडंच आधी, हे कुटुंब कॉर्नवॉलला आलं. मग भाज्या लावा, मुलांसाठी छोटी शाळा चालवा, स्वयंपाक करा. दगडाला हात लावायला दिवसा वेळ नाही, म्हणून रात्री चित्रं काढायची. तुम्ही-आम्ही म्हणतो ना, ‘सगळ्यांचं आवरल्यावर माझं’, अगदी तस्सं. सेंट आयव्जमधली ही जागा त्यांनी लिलावात घेतली 1949 मध्ये. वय शेहेचाळीस. लग्न मोडत आलं होतं, 1951 मध्ये घटस्फोट झाला. पुढे त्या इथेच राहिल्या.

दगड फोडणाऱ्या माणसाला अंगण लागतं, ही साधी गोष्ट माझ्या कधी डोक्यातच आली नव्हती. धूळ किती उडते! शिवाय हातोड्याचा ठोका दिवसभर. ते काम खोलीत कुठवर करणार? इथे त्यांना उघड्यावर काम करता येऊ लागलं आणि केलेलं काम तिथेच, झाडांत उभं करून बघताही येऊ लागलं. बाग आखायला संगीतकार असलेल्या प्रियॉ रेनिए या मैत्रिणीची मदत झाली. कॉर्नवॉलची हवा इंग्लंडच्या मानाने उबदार, म्हणून ताडासारखी झाडं, बांबू, गुलाब सगळं आहे. उताराची जागा, छोटं तळं, वळणावळणाच्या वाटा. जागा मोठी नाही. पण चार पावलं गेलं की एक शिल्प मागे पडतं आणि पानांआडून दुसरं डोकावतं. सगळं एकदम दिसत नाही, तीच गंमत.

आणि ती भोकं! हेपवर्थबाईंनी 1932 मध्ये एका दगडी शिल्पाला पहिल्यांदा आरपार भोक पाडलं. ते शिल्प युद्धात नष्ट झालं, पण भोक मात्र त्यांच्या कामात कायमचं राहिलं. दिवाणखान्यात त्या भोकातून भिंत दिसेल. बागेत त्यातून गुलाब दिसतो, पाऊल सरकवलं की आभाळ, आणखी वाकलं की पलीकडे उभी असलेली भाची. म्हणजे बाग नुसती शिल्पाच्या भोवती नाही, ती शिल्पाच्या आतही आहे. हे मला तिथे वाकून बघताना कळलं, आणि ‘हे कसलं बाई शिल्प!’ हा माझा प्रश्न संपला. ‘फोर-स्क्वेअर’ नावाचं 1966चं ब्राँझचं शिल्प तर माणसापेक्षा कितीतरी उंच, आणि त्यातून चक्क चालत जाता येतं.

‘जादूच्या दगडांशी संवाद’ अशा अर्थाच्या नावाचं 1973चं एक शिल्प आहे. तीन उंच आकृत्या उभ्या आणि तीन बुटके दगडासारखे आकार, सगळे ब्राँझचे. मला ते हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांसारखं दिसलं. काही उभ्या, काही बसलेल्या. भाची हसली. पण तिलाही नंतर तसंच दिसायला लागलं!

बागेतून चर्चचा मनोरा दिसतो. हेपवर्थबाईंचा थोरला मुलगा पॉल वायुदलात होता. 1953 मध्ये थायलंडवर विमान कोसळून तो गेला. त्याच्या आठवणीसाठी आईने दगडात आई आणि बाळ कोरलं, ते याच चर्चमध्ये आहे. नेहमीच्या आकारांपेक्षा ते वेगळं, ओळखता येणारं आहे. आई आहे, मांडीवर मूल आहे. रोज काम करताना तो मनोरा समोर असणार.

अशी बाग सांभाळणं सोपं नाही बरं का. लाकडाची शिल्पं आतच ठेवावी लागतात. बाहेर टिकतं ते ब्राँझ आणि काही दगड. 1956 पासून बाई ब्राँझकडे वळल्या, म्हणून ही बाग इतकी भरली. ब्राँझवरही समुद्राची खारी हवा काम करतेच. उघड्यावरचं ब्राँझ धुऊन मेणाचा हात द्यावा लागतो. आणि झाडं? ती तर वाढणारच. बांबूला मोकळं सोडलं की पाच वर्षांत शिल्प गायब. म्हणजे माळी जितका झाडांचा, तितकाच शिल्पांचा.

शिवाय चोर. दोन अर्धवर्तुळं समोरासमोर, असं 1969चं एक शिल्प या बागेत आहे. त्याचंच दुसरं ओतकाम लंडनच्या डलविच पार्कमध्ये 1970 पासून उभं होतं. डिसेंबर 2011 मध्ये ते रातोरात चोरीला गेलं. भंगारासाठीच नेलं असणार, असा सगळ्यांचा अंदाज. इतकी वर्षं पोरं ज्याच्याभोवती खेळली, ते कुणाच्या लेखी नुसतं किलोवरचं तांबं! आपल्याकडे मंदिराची घंटा पळवतात, त्यातलाच हा प्रकार.

भिंतीच्या आतली बाग वेगळी आणि मोकळं रान वेगळं. बाईंच्या जन्मगावाजवळ 1977 मध्ये यॉर्कशायर स्कल्प्चर पार्क सुरू झालं, सुमारे पाचशे एकरांचं. तिथे त्यांच्या नऊ आकृत्यांचं कुटुंब एका उतारावर उभं आहे, आणि हेन्री मूर यांच्या शिल्पांभोवती मेंढ्या चरतात. ते मी फोटोतच पाहिलंय. भव्य असेल, पण माझं मन अंगणातच रमतं.

20 मे 1975च्या रात्री याच घराला आग लागली आणि त्यात बाई गेल्या. वय बहात्तर. घर आणि बाग लोकांना बघायला मिळावी, अशी इच्छा त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवली होती. मुलांनी आणि विश्वस्तांनी ती 1976 मध्ये पुरी केली, आणि 1980 पासून टेट ही संस्था सांभाळते. बरीचशी शिल्पं त्यांनी स्वतः ठेवली तिथेच आहेत. कामाच्या खोलीत आपल्याला जाता येत नाही, काचेतून बघायचं. खुंटीवर कामाचे कोट, हातोडे, कानशी, आणि अर्धवट कोरलेले दगड.

बागेत एक पांढरी छोटी खोली आहे, तीत एक पलंग. “आत्या, बागेत पलंग कशाला?” भाचीने विचारलं. दुपारी काम थांबवून बाई तिथेच पाठ टेकायच्या. घरात जायचंच नाही.