हार्लेममध्ये भेटलेला मलिक अंबर

मार्च २०१७. ग्रेटर नोएडात बारावीतला एक मुलगा दगावला. शेजारी राहणाऱ्या नायजेरियन तरुणांनी त्याला अमली पदार्थ दिले, असा आरोप झाला. त्याआधी तर त्यांनी मुलाला मारून खाल्लं, इथपर्यंत अफवा पोचली होती. पोलिसांनी पाच नायजेरियनांना ताब्यात घेतलं आणि पुराव्याअभावी सोडून दिलं. २७ मार्चला परी चौकात मेणबत्ती मोर्चा निघाला आणि त्यातल्या जमावाने दिसेल त्या आफ्रिकी माणसाला गाठायला सुरुवात केली. एका मॉलमध्ये शिरून विद्यार्थ्यांना खुर्च्यांनी आणि कचऱ्याच्या डब्यांनी बडवलं. बघे मोबाइलवर चित्रण करत राहिले. त्या विद्यार्थ्यांचा त्या मृत्यूशी काडीचाही संबंध नव्हता.

दिल्लीतल्या आफ्रिकी राजदूतांनी एकत्र निवेदन काढून हे हल्ले वंशद्वेषी असल्याचं ठणकावून सांगितलं. चौकशी पूर्ण होण्याआधी तसं म्हणू नये, असं उत्तर सरकारने संसदेत दिलं. त्याआधी जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीच्या खिडकी एक्स्टेन्शनमध्ये आफ्रिकी स्त्रियांच्या घरांवर मध्यरात्री चाल करून जाण्याचा प्रकार घडला होता, मे २०१६ मध्ये वसंत कुंजात काँगोच्या एका तरुणाचा रस्त्यावर खून झाला होता. दर वेळी वाद एकाच जागी अडला: आपल्याकडे रंगभेद आहे की नाही? अतिथी देवो भव म्हणणारा देश वंशद्वेषी कसा असेल?

ग्रेटर नोएडा आज गौतम बुद्ध नगर जिल्ह्यात मोडतं. हा जिल्हा १९९७ साली गाझियाबाद आणि बुलंदशहर यांचे तुकडे जोडून तयार झाला. तेव्हा ही घटना गाझियाबादच्या अंगणातलीच. या पट्ट्यात नोकरीनिमित्त आलेली मराठी कुटुंबंही बरीच आहेत. त्यांच्यापुढे हा प्रश्न वेगळ्या अंगाने उभा राहतो, कारण आफ्रिकेशी असलेलं त्यांचं नातं जुनं आणि जवळचं आहे. ते नातं आपण विसरलो, आणि त्याची आठवण करून द्यायला न्यूयॉर्कची एक संस्था पुढे यावी लागली.

ती संस्था एका आफ्रो-लॅटिनो माणसाच्या नावाने उभी आहे. आर्तुरो शोमबर्ग १८७४ साली पोर्तो रिकोत जन्मला. आई कृष्णवर्णीय, वडिलांचं मूळ जर्मन, घरची भाषा स्पॅनिश. काळ्यांना इतिहास नसतो, असं शाळेतल्या शिक्षिकेने त्याला ऐकवलं, असं सांगतात. १८९१ मध्ये तो न्यूयॉर्कला आला आणि पुढची कित्येक वर्षं पदरमोड करून आफ्रिकी वंशाच्या माणसांनी लिहिलेली आणि त्यांच्याविषयी लिहिली गेलेली पुस्तकं, हस्तलिखितं, चित्रं जमवत राहिला. १९२६ मध्ये कार्नेगी कॉर्पोरेशनने १०,००० डॉलर देऊन हा संग्रह न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयासाठी विकत घेतला. हार्लेममधलं आजचं शोमबर्ग केंद्र त्यातून उभं राहिलं.

अमेरिकेतल्या काळ्यांना शोमबर्ग परका वाटे, कारण तो स्पॅनिश बोले. स्पॅनिश बोलणाऱ्यांना तो काळा दिसे. ही कोंडी लॅटिन अमेरिकेतल्या कोट्यवधी लोकांची आहे. एकट्या ब्राझीलच्या किनाऱ्यावर गुलामगिरीच्या काळात जवळपास ५० लाख आफ्रिकी माणसं उतरवली गेली. तिथे गुलामगिरी संपली ती १८८८ मध्ये. पण पुढे तिथे आणि मेक्सिकोत एकच सूर लागला: आम्ही सगळे मिश्र रक्ताचे, मग रंगाची चर्चा हवी कशाला? ऐकायला उदार वाटणाऱ्या या वाक्याने काळ्या माणसाचं दुःख बोलायची सोयच ठेवली नाही. मेक्सिकोचा एक राष्ट्राध्यक्ष, विसेंते गेरेरो, आफ्रिकी वंशाचा होता आणि १८२९ मध्ये त्यानेच तिथली गुलामगिरी रद्द केली. तरी आफ्रो-मेक्सिकन समाजाला राज्यघटनेत जागा मिळायला २०१९ साल उजाडलं. २०२० च्या जनगणनेत २५ लाखांहून अधिक लोकांनी स्वतःची तशी नोंद केली. ब्राझीलने २००३ मध्ये कायदा करून आफ्रो-ब्राझिलियन इतिहास शाळेत सक्तीचा केला. २०२२ च्या जनगणनेत स्वतःला मिश्र किंवा काळं म्हणवणारे मिळून निम्म्याहून अधिक भरले. तिथला ‘आम्ही सगळे मिश्र’ आणि इथला ‘अतिथी देवो भव’, दोन्ही एकाच कामाला येतात.

फेब्रुवारी २०१३ मध्ये शोमबर्ग केंद्राने एक प्रदर्शन भरवलं. विषय होता भारतातले आफ्रिकी, आणि गुलाम म्हणून आलेली ही माणसं सेनापती आणि राज्यकर्ती कशी झाली त्याची कहाणी. सिल्व्हियान दिऊफ आणि केनेथ रॉबिन्स यांनी ते उभं केलं होतं. हार्लेमच्या भिंतीवर न्यूयॉर्ककरांना भेटला तो आपला मलिक अंबर. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये हे प्रदर्शन दिल्लीत इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आलं. खिडकी एक्स्टेन्शनच्या घटनेला तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

अंबरचा जन्म सुमारे १५४८ चा, आजच्या इथिओपियात. मूळ नाव चापू. कोवळ्या वयात विकला गेला, तांबड्या समुद्राकाठचं मोखा आणि मग बगदाद अशा बाजारांतून हात बदलत दख्खनमध्ये पोचला. इथे त्याला विकत घेतलं चंगीझखानाने. हा निजामशाहीचा पेशवा स्वतः हबशी होता आणि एके काळी गुलामही होता. धनी वारल्यावर अंबर मोकळा झाला, घोडेस्वार जमवत गेला आणि १६०० मध्ये अकबराच्या फौजेने अहमदनगर घेतल्यावर बुडत्या निजामशाहीचा आधारस्तंभ बनला. मालोजी आणि शहाजी हे भोसले याच निजामशाहीच्या चाकरीत होते. मराठा स्वारांच्या चपळ तुकड्या घेऊन मोगलांची रसद तोडायची आणि समोरासमोरची लढाई टाळायची, हे तंत्र अंबरने दख्खनभर वापरलं. १६२४ मध्ये भातवडीला त्याने मोगल आणि आदिलशाही फौजांचा एकत्र पराभव केला. शहाजीराजे त्या लढाईत त्याच्या बाजूने लढले.

१६१० च्या सुमारास त्याने खडकी गाव वसवलं. तेच पुढे औरंगाबाद झालं, आज छत्रपती संभाजीनगर. शहराला पाणी पुरवायला त्याने डोंगरपायथ्याचं भूजल भुयारी कालव्यात उतरवलं, खापरी नळांतून वस्तीत आणलं आणि मधे हवेसाठी मनोरे उभारले. ‘नहर-ए-अंबरी’ने शतकानुशतकं शहराची तहान भागवली. त्याच्या जमीनमहसुलाच्या घडीचा उल्लेख तर महाराष्ट्राच्या महसुली इतिहासात टाळताच येत नाही.

डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात अबुल हसनने सुमारे १६१६ मध्ये रंगवलेलं एक मोगल चित्र आहे. जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा आहे, धनुष्य ताणलेलं आहे, आणि समोर भाल्याच्या टोकावर खोचलेलं काळ्या माणसाचं शिर आहे. ते शिर अंबरचं. शिरावर घुबड बसलंय. बाण नेमका तोंडात शिरतोय. प्रत्यक्षात अंबर त्यानंतर दहा वर्षं जगला आणि १६२६ मध्ये वृद्धापकाळाने गेला. जहांगीराला त्याला कधी गाठताच आलं नाही, म्हणून कागदावर मारलं. आपल्या आत्मचरित्रातही बादशहाने त्याच्या रंगावरून शिव्या मोजल्यात. परी चौकातल्या जमावाच्या तोंडची भाषा काही नवी नव्हती. उलट शिवाजी महाराजांच्या काळातल्या ‘शिवभारता’त कवींद्र परमानंद त्याच अंबरचा उल्लेख आदराने करतो. रंगावरून माणूस तोलायचा की पराक्रमावरून, याची निवड त्या काळीही होत होती.

आफ्रिकी वंशाच्या या लोकांना आपल्याकडे हबशी किंवा सिद्दी म्हणतात. सिद्दी म्हटलं की मराठी वाचकाला जंजिरा आठवतो, आणि वैर आठवतं. ते वैर खरंच होतं. संभाजीराजांनी १६८२ मध्ये समुद्रात भराव घालून किल्ल्यापर्यंत पोचायचा प्रयत्न केला, तरी जंजिरा पडला नाही. तिथलं सिद्दी संस्थान १९४८ पर्यंत टिकलं. पन्हाळ्याला वेढा घालणारा सिद्दी जौहरही पोवाड्यांमधून घरोघरी पोचलाय. पण तो वेढा फोडायला नेताजी पालकरांबरोबर धावून गेलेल्या सिद्दी हिलालचं नाव किती जणांना ठाऊक आहे? शत्रू लक्षात राहिला आणि सोबती पुसला गेला, हा आपल्या सांगण्यातला मोठा दोष आहे.

नाशिकच्या शरणपूर रस्त्याने रोज हजारो लोक जातात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तिथे चर्च मिशनरी सोसायटीने आश्रम काढला होता. अरबी समुद्रात गुलामांची गलबतं पकडून ब्रिटिश आरमाराने सोडवलेली आफ्रिकी मुलं मुंबईत उतरत. त्यांतली पुष्कळ इथे येत, लिहायला-वाचायला आणि हातचा धंदा शिकत. यातलाच जेकब वेनराइट डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या शेवटच्या प्रवासात सामील झाला. १८७३ मध्ये लिव्हिंगस्टन आजच्या झांबियात वारला तेव्हा अंत्यविधीची प्रार्थना जेकबने वाचली आणि झाडाच्या खोडावर नाव नि तारीखही त्यानेच कोरली. सोबत्यांनी देह सोळाशे किलोमीटर वाहून किनाऱ्यावर आणला. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत शवपेटीचे मानकरी होते त्यांत एकच आफ्रिकी होता, नाशिकला शिकलेला. या पोरांपैकी अनेक जण पुढे मोंबासाजवळच्या फ्रीअर टाउनमध्ये स्थायिक झाले. तिथे त्यांना म्हणत ‘बॉम्बे आफ्रिकन’. आफ्रिकेत परतूनही ते मुंबईचेच राहिले.

आणि गोव्याच्या सीमेवर ही कहाणी ब्राझीलशी थेट जुळते. मोझांबिकच्या किनाऱ्यावरून पोर्तुगीज जहाजं गुलाम घेऊन गोव्यालाही येत आणि ब्राझीललाही जात. ब्राझीलमध्ये पळालेल्या गुलामांनी रानात वस्त्या केल्या. त्यांचे वंशज, सुमारे १३ लाख, २०२२ च्या जनगणनेत पहिल्यांदा वेगळे मोजले गेले. गोव्यातून निसटलेल्यांनी सह्याद्री गाठला. उत्तर कन्नडमधल्या यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड, अंकोल्याच्या रानात आजही सिद्द्यांच्या वाड्या आहेत. त्यात हिंदू आहेत, ख्रिस्ती आहेत, मुसलमान आहेत, आणि घरात बोलली जाते ती मराठी-कानडी शब्दांनी भरलेली कोंकणी.

तिथल्या बायका कवंदी शिवतात. आपल्या वाकळीसारखीच ती जुन्या लुगड्यांच्या आणि कपड्यांच्या तुकड्यांची असते. सुई एका कोपऱ्यातून निघते, कडेकडेने फिरत आत सरकते आणि मध्यावर येऊन थांबते. चारही कोपऱ्यांना त्रिकोणी तुकड्यांची ‘फुलं’ लागतात. ती नसली तर कवंदी उघडीनागडी मानतात. ढोलासारखा डमाम घुमू लागला की साऱ्या धर्मांचे सिद्दी एकत्र नाचतात.

उत्तर कन्नडमधल्या सिद्द्यांना २००३ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. २०२० मध्ये शांताराम सिद्दी कर्नाटक विधान परिषदेवर गेले. गुजरातमधल्या जांबूरच्या हिराबाई लोबी यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. तरीही आपल्याच देशात ‘तुम्ही कुठल्या देशाचे?’ हा प्रश्न सिद्द्यांची पाठ सोडत नाही. मेक्सिकोतल्या काळ्या नागरिकालाही हेच ऐकावं लागतं.

लॅटिन अमेरिकेने गेल्या पंचवीस वर्षांत दोन गोष्टी केल्या: माणसं मोजली आणि इतिहास वर्गात नेला. आपल्याला दुसरी गोष्ट तरी आजच करता येईल, कारण साहित्य हाताशी आहे. गाझियाबाद, नोएडा आणि दिल्लीतली मराठी मंडळं शिवजयंती, गणेशोत्सव थाटात करतात. यापुढे कधी एखादा कार्यक्रम मलिक अंबरवर ठेवावा. ग्रेटर नोएडात शिकणाऱ्या इथिओपियाच्या, नायजेरियाच्या, काँगोच्या मुलामुलींना त्याला आग्रहाने बोलवावं. इथिओपियातून आलेल्या एका गुलाम पोराने वसवलेल्या शहरात आज दहा लाखांवर माणसं राहतात, हे त्यांना आपल्या तोंडून कळू दे. २०२६ हे अंबरच्या निधनाचं चारशेवं वर्ष. त्याची कबर खुलताबादेत आहे, वेरूळच्या वाटेवरच. लेणी बघायला जाल तेव्हा तिथे जरूर थांबा, आणि मुलांना सोबत न्या.