माठातले पाणी आणि मालवणचा घाम

दुकानाचे शटर खाली ओढून रात्री नऊ-दहाच्या सुमारास गाडी सोलापूर सोडते. डिकीत कडक भाकरी, शेंगाचटणी आणि पाण्याचे जार. पहाटे घाट उतरायचा, सकाळी मालवण गाठायचे, नऊ वाजता स्कुबा, अकराला पॅरासेलिंग आणि बनाना राइड, दुपारी सिंधुदुर्ग किल्ला, संध्याकाळी मासे खाऊन पुन्हा घाट चढायचा. सोमवारी सकाळी दुकान उघडायचे. एप्रिल-मेच्या सुट्टीत कितीतरी सोलापूरकर कुटुंबांची सहल अशीच ठरते. ‘उन्हाचे काय सांगता, आम्ही बेचाळीस अंशांतले,’ हे वाक्यही गाडीत एकदा तरी होतेच.

या वाक्यातच घोटाळा आहे. सोलापूर आणि मालवण दोन्ही उष्ण कटिबंधातच येतात. सोलापुरात तर मेच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येऊन सावली नाहीशी होते. मात्र दोन्हीकडचा उकाडा एका जातीचा नाही, आणि शरीराला तो एकाच पद्धतीने सोसता येत नाही.

कोरडे ऊन, दमट ऊन

सोलापूरच्या घरातला माठ आठवावा. बाहेर रणरणते ऊन असले तरी आतले पाणी गारेगार असते. मातीतून पाझरलेले पाणी कोरड्या हवेत भराभर उडून जाते आणि जाताना माठातली उष्णता घेऊन जाते. तोच माठ मे महिन्यात समुद्राकाठी ठेवला, तर बाहेरून ओला राहतो, पण आतले पाणी तितके गार होत नाही. हवेतच बाष्प इतके असते की नवे बाष्प सामावायला जागा कमी.

माणसाची त्वचा म्हणजे असाच माठ. त्वचेचे तापमान साधारण ३५ अंश असते. हवा त्याहून गरम झाली की शरीराला उष्णता बाहेर टाकण्याचा एकच मार्ग उरतो, घाम. एक लिटर घाम त्वचेवरून उडून गेला, तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता बाहेर जाते. अट एवढीच, की तो उडाला पाहिजे. टपटप खाली गळालेला घाम पाणी आणि मीठ घेऊन जातो, उष्णता मात्र आतच ठेवतो.

आता आकडे पाहू. तापमापकाच्या टोकाला ओले फडके गुंडाळले, तर बाष्पीभवनाने गार होऊन तो किती खाली येतो हे कळते. हवा ४२ अंश आणि आर्द्रता २० टक्के, म्हणजे सोलापूरची दुपार, असेल तर ओल्या फडक्याचा तापमापक साधारण २३-२४ अंश दाखवतो. हवा ३४ अंश आणि आर्द्रता ७० टक्के, म्हणजे किनाऱ्यावरची दुपार, असेल तर तोच २९ अंशांवर थांबतो. बातम्यांतला आकडा आठ अंशांनी कमी, पण शरीराला गार होण्याची संधीही कमी.

याचे दुःखद उदाहरण महाराष्ट्राने पाहिले आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघरला उघड्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. उन्हाच्या त्रासाने १४ जणांचा मृत्यू झाला. त्या दिवशी परिसरात नोंदलेले तापमान ३८ अंशांच्या आसपास होते. सोलापुरात त्या आकड्याची कोणी दखलही घेतली नसती.

सवयीचा गैरसमज

शरीराला उन्हाची सवय होते हे खरे. सात ते चौदा दिवस रोज उन्हात काम केले की घाम लवकर सुटतो, त्यातून मीठ कमी जाते, नाडी कमी धावते. पण ही सवय ज्याने उन्हात काम केले त्याला होते. गवंडीकाम करणाऱ्याला झालेली सवय, दिवसभर पंख्याखाली गल्ल्यावर बसणाऱ्याला होत नाही. शहराचे तापमान सर्वांना सारखे, सवय मात्र ज्याची त्याची.

दुसरा फसवा भाग म्हणजे सोलापूरचा घाम दिसत नाही. तो निघतानाच वाळतो, शर्टावर मिठाचे पांढरे डाग तेवढे उरतात. किनाऱ्यावर तो दिसतो. पण माणूस समुद्रात भिजलेला असल्याने लक्षात येत नाही. पाण्यात असल्यामुळे तहानही जाणवत नाही. पॅरासेलिंगच्या रांगेत तासभर उभे राहून, बनाना राइडवर चार वेळा आपटून, मग किल्ल्याच्या पायऱ्या चढताना पायात गोळे येतात, डोके दुखते, मळमळते. हा पहिला इशारा. इथेच सावलीत बसून, थोडे थोडे ओआरएस घेऊन दिवस आटोपता येतो. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ पुरते, चमचा चहाचा. नुसते साधे पाणी तासाभरात चार-पाच लिटर रिचवणे मात्र धोक्याचे, त्याने रक्तातले सोडियम उतरते. बिअर ही तहानेवरची सोय नव्हे. तिने लघवी वाढते आणि भान कमी होते.

रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणारे, मधुमेही, हृदयरोगी, मानसिक आजाराची काही औषधे घेणारे यांना हा त्रास लवकर होतो. गोळ्या परस्पर बंद करू नयेत. निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून घ्यावे.

माणूस असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला, झटका आला किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजावा. शरीराच्या आतले तापमान ४० अंशांच्या वर गेलेले असते. ‘घाम तर येतोय, मग उष्माघात कसा?’ हा प्रश्न जीव घेतो. श्रमाने झालेल्या उष्माघातात घाम चालूच असू शकतो. १०८ ला फोन करावा, पण रुग्णवाहिकेची वाट पाहत बसू नये. आधी गार करणे, मग नेणे. सावलीत घेऊन कपडे सैल करावेत, अंगभर थंड पाणी ओतत राहावे, वारा घालावा, काखेत, मानेशी, जांघेत बर्फ ठेवावा. दमट हवेत नुसत्या ओल्या टॉवेलने भागत नाही, पाणी सढळ हाताने हवे. पहिला अर्धा तास सर्वांत मोलाचा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. पॅरासिटामॉलचा इथे उपयोग नाही, कारण हा ताप नव्हे.

पाण्याखाली पाच मीटर

तारकर्ली-मालवणच्या स्कुबात पर्यटकाला फार खोल नेत नाहीत. त्यामुळे लोक ते पोहण्यासारखेच समजतात. पण पाण्याखाली दाब झपाट्याने वाढतो. दहा मीटरवर तो जमिनीवरच्या दुप्पट असतो, पाच मीटरवर दीडपट. तेवढ्या खोलीवर छाती भरून घेतलेली हवा, श्वास रोखून वर आले, तर दीडपट जागा मागते. फुप्फुस तेवढे ताणत नाही, फाटते. दीड मीटरवरूनही असे होऊ शकते. हवेचा बुडबुडा रक्तातून मेंदूत गेला, तर वर आल्यावर काही मिनिटांतच एक बाजू लुळी पडते किंवा माणूस बेशुद्ध होतो. म्हणून स्कुबाचा पहिला नियम: श्वास कधीही रोखायचा नाही. घाबरलेला माणूस नेमके तेच करतो. प्रशिक्षक खुणा शिकवत असताना मोबाइल खिशात ठेवावा, तो याच कारणासाठी.

कानाचेही तसेच. एक-दोन मीटरवरच कान दुखू लागतो. नाक चिमटीत धरून हळूच फुंकर मारली की मोकळा होतो. सर्दी असेल तर होत नाही, आणि जोर केला तर पडदा फाटतो. सर्दी, दमा, अपस्मार, हृदयविकार, कानाच्या पडद्याला छिद्र, गर्भारपण यांपैकी काही असेल तर काठावर बसून फोटो काढावेत. पैसे भरले आहेत म्हणून अर्जावर ‘नाही’ अशी खूण करू नये.

घाटाची गोष्ट मात्र फारशी कोणी सांगत नाही. स्कुबानंतर किमान १२ तास विमानप्रवास टाळावा, अनेक बुड्या मारल्या असतील तर १८ तास, असा संकेत आहे. पाण्याखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन, बाहेरचा दाब एकदम कमी झाला, तर बुडबुडे बनून बाहेर पडतो. हाच हिशेब सुमारे ६०० मीटरपेक्षा उंच डोंगरालाही लागू पडतो, आणि आंबोली ७०० मीटरच्या आसपास आहे. एका उथळ बुडीनंतर धोका थोडाच, पण तो टाळायला खर्च एका रात्रीचा.

बोट आणि पट्टे

२४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट बुडून दोघांचा मृत्यू झाला. सोलापूरकरांना समुद्रापर्यंत जाण्याचीही गरज नाही. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी उजनी जलाशयात करमाळा तालुक्यातील कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. लाइफ जॅकेट मांडीवर ठेवण्यासाठी नसते. सगळे पट्टे आवळून, बोटीत पाय ठेवण्याआधी घालायचे असते. मे महिन्यातली संध्याकाळ वळवाची असते, म्हणून पाण्यावरचे काम सकाळीच उरकावे.

बुडालेल्याला बाहेर काढल्यावर उलटे टांगणे, पोट दाबणे यात वेळ दवडू नये. श्वास थांबला असेल तर प्रथम तोंडाने श्वास द्यावेत आणि लगेच छातीवर दाब सुरू करावेत.

एक मुक्काम

सोलापूर ते मालवण अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या पुढे. सलग १७ तास जागे असलेल्या माणसाची प्रतिक्रिया, रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी मंदावते. आपल्याकडे वाहनचालकाला मर्यादा ०.०३ टक्के. दिवसभर दुकान करून गाडी चालवणारा, दुसऱ्या रात्री घाट चढणारा, याच हिशेबात बसतो.

यावर उपाय सोपा आहे. एका दिवसाचे दोन करावेत. दिवसा प्रवास, रात्री झोप, सकाळी लवकर स्कुबा, अकरा ते चार सावलीत जेवण आणि विश्रांती, त्या रात्री मालवणातच मुक्काम. दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ला, आणि मग निवांत घाट. ऊन, श्वास, बुडबुडा आणि चालकाची डुलकी, चारही गोष्टींवर हे एकच औषध आहे. त्यासाठी दुकान एक दिवस उशिरा उघडले तरी चालते.