दोन मोठी माणसं आणि उघडं दार

उन्हाळ्याच्या सुट्टीत अमेरिकेतली विद्यापीठं शाळकरी मुलांनी गजबजतात. कुठे गणिताचं शिबिर, कुठे पोहण्याचं. मुलं वसतिगृहात राहतात, प्रयोगशाळेत रमतात. मोठ्यांसाठी बांधलेल्या त्या अफाट आवारात त्यांना सुरक्षित ठेवायचं कसं? वाईट माणूस ओळखून त्याला दाराबाहेर ठेवावं, हे चटकन सुचणारं उत्तर. ते पुरत नाही, हा धडा पेनसिल्व्हेनियातल्या पेन स्टेट विद्यापीठात मिळाला आणि त्याची किंमत मुलांनी मोजली.

जेरी सँडस्की हा तिथल्या फुटबॉल संघाचा नावाजलेला साहाय्यक प्रशिक्षक. १९७७ मध्ये त्याने गरजू मुलांसाठी संस्था काढली होती. १९९९ मध्ये निवृत्त झाल्यावरही विद्यापीठाच्या क्रीडा इमारतींत त्याचा मुक्त वावर होता. कोणी पूर्वेतिहास तपासला असता, तर एकाही गुन्ह्यातली शिक्षा सापडली नसती. २००१ मध्ये एका तरुण सहकाऱ्याने त्याला एका मुलासोबत न्हाणीघरात पाहिलं आणि मुख्य प्रशिक्षकांना सांगितलं. त्यांनी आणखी वर कळवलं. बातमी पायरी-पायरीने चढत गेली, पण पोलिसांना कोणीच कळवलं नाही. अटक झाली २०११ मध्ये. पुढच्या वर्षी मुलांच्या लैंगिक शोषणाच्या ४५ आरोपांत तो दोषी ठरला.

त्यानंतर विद्यापीठांनी कसून अंगीकारलेल्या नियमांचा साधेपणा थक्क करतो. मुलासोबत एकटा प्रौढ कधीही नको. किमान दोघं हवेत, तेही चारचौघांना दिसेल आणि कोणीही मध्येच आत येऊ शकेल अशा जागी. किती विलक्षण आहे हे! कोणाच्या मनात काय आहे, हे ओळखावंच लागत नाही. चांगल्या शिक्षकाचं काही अडत नाही. ज्याला एकांतच हवा असतो, त्याची मात्र वाट बंद होते.

दुसरा नियम बातमीच्या वाटेचा. २०१४ मध्ये पेनसिल्व्हेनियाने कायदाच बदलला. मुलांसोबत काम करणाऱ्याला शंका आली, तर त्याने आधी थेट राज्याच्या यंत्रणेला कळवायचं, वरिष्ठांना त्यानंतर.

आपल्याकडे, भारतात, मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा २०१२ चा. गुन्ह्याची माहिती असूनही पोलिसांना न कळवणं, हाही त्यात गुन्हा आहे. हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. आणि मुलांची १०९८ ही हेल्पलाइन? १९९६ मध्ये मुंबईत, टाटा समाजविज्ञान संस्थेच्या एका प्रकल्पातून ती जन्माला आली. मुलांना सुरक्षित ठेवण्याची वाट विद्यापीठातूनही निघू शकते, याचा हा केवढा सुंदर दाखला!

तेव्हा मुलाला कुठल्याही शिबिराला पाठवताना फीच्या आधी दोन गोष्टी विचारा: मूल कोणासोबत एकटं असेल का, आणि शंका आली तर तुम्ही कोणाला कळवता? उत्तर गुळमुळीत आलं, तर नाव नोंदवू नका.